शिर्डी ते गुवाहाटी : म्हणे दोन तास पन्नास मिनिटं

इंटरनेटवर एक पान आहे. त्यात दोन शहरांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ क्षणात सांगतं. आमच्या यांनी त्यात शिर्डी आणि गुवाहाटी टाकलं. उत्तर आलं, अंतर एकोणीसशे किलोमीटरच्या आसपास, वेळ दोन तास पन्नास मिनिटं. हे पान ज्याने कुणी बनवलं, तो मला एकदा भेटायला हवा. त्याला समोर बसवून मला विचारायचं आहे, की बाबा रे, शिर्डीहून गुवाहाटीला थेट विमान आहे तरी का? नाही. त्याने नकाशावर फूटपट्टी ठेवून सरळ रेघ मारली आहे. त्या रेघेवरून कावळासुद्धा जात नसेल.

पण यांनी ते वाचलं, आणि देवळाली प्रवऱ्यात जो भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली, "गुवाहाटी म्हंजी काय, पावनेतीन तास! पुन्याला जायाला त्याच्यापेक्षा जास्त लागत्यात."

गुवाहाटीला जायचं कारण स्नेहलचं लग्न. स्नेहल ही यांची भाची, माझ्या धाकट्या नणंदेची, म्हणजे नंदावन्संची मुलगी. वन्सं जाऊन सहा वर्षं झाली. त्या गेल्या तेव्हा स्नेहल अकरावीत होती; अकरावी-बारावी तिने आमच्याकडेच राहून काढली. दोन वर्षं रोज सकाळी तिची वेणी मी घातली आहे. पुढे शिकून ती गुवाहाटीत नोकरीला लागली आणि तिथलाच मुलगा तिने पसंत केला. मुलाच्या आजीला प्रवास झेपत नाही, म्हणून लग्न तिकडेच ठरलं. रविवारी दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. आपल्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो आणि मुहूर्ताची पिवळी साडीही मामाकडचीच असते. दवाखान्यात असताना वन्संनी भावाचा हात धरून सांगितलं होतं, "दादा, माझ्या पोरीला मांडवात तूच आन." त्यामुळे बाकी कुणी चुकलं तरी चालेल, मामा चुकून चालणार नव्हता.

माझं म्हणणं साधं होतं. गुरुवारी निघू, शुक्रवारी पोचू, मुलीला हळद लावू. मी तेहतीस वर्षं शाळेत वेळापत्रकं केली आहेत, वेळेचं थोडंफार मला कळतं. पण नेमकं त्याच आठवड्याचं कालव्याचं आवर्तन आधीच जाहीर झालं आणि आमची पाण्याची पाळी लागली शनिवारी पहाटे चारला. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कालव्याला पाणी रोज नसतं. धरणातून ठरावीक दिवस सोडतात आणि प्रत्येक शेतकऱ्याला ठरलेल्या तासांची पाळी मिळते. पाळी चुकली की पुढच्या आवर्तनापर्यंत उसाकडे नुसतं बघत बसायचं. आणि दारं धरणं, म्हणजे बांधाशी उभं राहून पाणी एका सरीतून दुसरीत वळवणं, हे काम हे दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. शेजारचा अशोक आपण होऊन म्हणाला होता, "काका, मी धरतो दारं, तुमी जा बिनघोर." यांचं उत्तर, "त्यो मोबाईल बघत बसतोय अन् पानी जातंय वढ्याला."

मग शेवटी असं ठरलं. शनिवारी पहाटे चार ते दहा पाणी भरायचं, साडेदहाला निघायचं, दुपारी दोन चाळीसचं शिर्डी-हैदराबाद विमान, रात्रभर हैदराबादच्या विमानतळावर बसायचं आणि रविवारी पहाटेच्या विमानाने गुवाहाटी. सकाळी नऊच्या आत दारात. तिकिटं मी काढली, दीड महिना आधी. वाचकांपैकी कुणी असा प्रवास ठरवत असेल तर तिकिटं आधीच काढा, आणि नवऱ्याच्या पाळीची तारीख पाटकऱ्याकडून लेखी घ्या.

शनिवारी पहाटे चारला पाणी आलंच नाही. वरच्या बाजूला कुणीतरी फाटक उघडं ठेवलं होतं. कालव्याचं पाणी वाटून देणारे भाऊसाहेब पाटकरी मोटरसायकलवर इकडून तिकडे फिरत होते. पाणी आलं सव्वासातला. साडेदहाला मी सोन्यासारखी साडी नेसून, दोन बॅगा, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि पर्स घेऊन ओट्यावर उभी. पिवळी साडी मी मुद्दाम पर्समध्ये ठेवली होती. बॅगा हरवतात, पर्स माझ्या खांद्यावरून हलत नाही, हा विचार. गाडी भाड्याची होती, गावातल्या गोरखची. तो हॉर्न वाजवत होता. अकराला मी स्वतः शेतात गेले.

"अहो, चला."

"आलोच. सात सऱ्या ऱ्हायल्यात."

"विमान आहे!"

"मंग? विमान दोन चाळीसला हाय. हितनं शिर्डी किती लांब हाय? पन्नास किलोमीटर. तू उगाच घाई करती."

सात सऱ्या म्हणजे बारा वाजून दहा मिनिटं. तिथून आंघोळ. मी त्या माणसाशी पस्तीस वर्षं संसार केला आहे, पण त्या सात सऱ्यांइतका राग मला कधी आला नव्हता.

रस्त्याबद्दल थोडं. कोल्हार, बाभळेश्वर, राहाता असं जायचं. शनिवारी शिर्डीची गर्दी असते हे आम्हाला जन्मापासून माहीत आहे, तरी दर वेळी आम्ही नव्याने चकित होतो. त्यात रस्त्याचं काम चालू. कोल्हारच्या पुलापाशी उसाच्या ट्रॅक्टरमागे पंधरा मिनिटं, राहात्यात बाजाराच्या गर्दीत वीस. गोरख मधूनच आरशात बघून म्हणत होता, "मामी, टेन्शन घेऊ नगा, मी दाबतो." दाबण्यासाठी रस्ता मोकळा लागतो हे त्याला कुणी सांगावं. विमानतळ शिर्डीत नाही, शिर्डीच्या पुढे काकडीला आहे, हे मी महिनाभर सांगत होते. ते शेवटचे काही किलोमीटर यांच्या हिशोबातच नव्हते.

आम्ही पोचलो दोन वाजून तीन मिनिटांनी. काउंटरवर एक मुलगी होती, बोलण्यावरून आपल्याच भागातली. फार नम्रपणे म्हणाली, "काका, सामान घ्यायचं काउंटर तासभर आधी बंद होतं."

"अगं पन विमान तर हितंच हाय!" यांनी काचेतून बोट दाखवलं. खरंच समोर उभं होतं. माणसं रांगेने त्याकडे चालली होती.

"हो काका, पण बंद झालं."

"अजून शिडी बी काढली न्हाई. त्या ड्रायव्हरला जरा सांगा की, दोन मानसं हायत म्हनून."

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. आमच्याकडे एसटीला हात केला की ती थांबते, पुढे गेली असली तरी थांबते, आणि कंडक्टर शिव्या देत का होईना पण दार उघडतो. यांनी आयुष्यभर असाच प्रवास केला आहे. काचेपाशी उभं राहून यांनी खरोखर हात वर केला. विमान मागे सरलं, वळलं आणि गेलं.

मला रडू आलं. सरळ सांगते, रडले. बाहेर चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून रडले आणि गोरख आमच्या दोघांच्या मध्ये बिस्किटाचा पुडा धरून उभा राहिला. मग डोळे पुसले आणि फोन काढला. मुंबईहून काही जमेना. संभाजीनगरहून काही जमेना. पुण्याहून रविवारी पहाटे गुवाहाटीचं थेट विमान होतं, साडेनऊच्या सुमारास पोचणारं. त्यात एक जागा शिल्लक होती.

एकच. मी पान तीनदा पुन्हा उघडलं. एकच.

त्याच्या नंतरचं जे होतं ते दुपारी पुण्याहून सुटून दिल्लीला बदलून रात्री नऊला गुवाहाटीत उतरणारं. म्हणजे लग्न, जेवणं, सगळं उरकल्यावर.

हे म्हणाले, "तू जा. तुला इमानातलं कळतंय. मी एकटा कुठं हरवीन."

"मी जाऊन काय करू? मामा कोण आहे, मी की तुम्ही?"

मी त्यांचं तिकीट पहाटेचं काढलं आणि माझं दुपारचं. पैशाचं सांगत नाही, पुन्हा डोकं फिरेल.

काकडीहून आलो त्याच रस्त्याने परत, आमच्याच गावावरून, राहुरी, नगर, सुपा, शिरूर, पुणे. स्वतःच्या घराच्या फाट्यावरून उलट्या दिशेने जाण्यासारखा दुसरा अपमान नाही. राहुरीच्या पुढे मी तोंड उघडलं.

"धरणातनं पाणी सुटलं की आपल्या टेलला, कालव्याच्या शेवटाला, कधी येतं हो?"

हे सावध झाले. "चार दिसानं. नशीब असलं तर."

"आणि तो पाटबंधाऱ्याचा साहेब फोनवर काय सांगतो?"

"सांगतोय, पानी सुटलंय म्हनून. त्याला काय जातंय सांगाया. वाटंत किती फाटकं, किती चोऱ्या, किती जिरतंय, त्याला कुटं दिसतंय!"

"मग गेला महिनाभर गावभर पावणेतीन तास, पावणेतीन तास कोण सांगत होतं?"

सुप्यात मिसळ खाल्ली, तिखट होती, बरी होती. शिक्रापूर ते वाघोली दीड तास रांगण्यात गेला. या रस्त्याने पुण्याचं विमान गाठायचं असेल तर हाताशी दोन तास जास्तच ठेवा.

पुण्यात विमानतळाजवळच्या एका लॉजवर पाठ टेकली आणि पहाटे मी यांना दरवाज्याशी सोडलं. वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं: आधी बॅग द्या, मग तपासणी, मग पाटीवरचा नंबर बघा, काही कळलं नाही तर कुणालाही कागद दाखवा. त्यांनी तो कागद टोपीत ठेवला. दरवाज्यातून आत जाताना वळून बघितलं नाही, कारण हातात आधार कार्ड आणि तिकीट दोन्ही धरायचं म्हणजे त्यांना फार होतं. दहा मिनिटांनी फोन आला, "अगं, वटीच्या खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या. पेट घेत्यात म्हने!" तर, सुकं खोबरं विमानात चालत नाही. हेही लिहून ठेवा.

सकाळी दहाला पुन्हा फोन. मागे सनईचा आवाज. "पोचलो! घ्यायला आलं हुतं मानूस. आन् तुला सांगतो, बराबर तीन तास लागले बग!"

मी फोन ठेवून दिला.

माझी पाळी आली साडेअकराला. सुरक्षा तपासणीत एका बाईने माझी पर्स उघडायला लावली. तिने आत हात घातला आणि पिवळी साडी बाहेर आली. घडी मोडली, जरीचा काठ चमकला. ती हिंदीत म्हणाली, "घर में शादी है क्या?"

मामाकडची साडी. नवरीने मुहूर्ताला नेसायची साडी. हरवू नये म्हणून जी मी कालपासून खांद्यावरून उतरवली नव्हती, ती माझ्यासोबत पुण्यात होती आणि मामा गुवाहाटीत. काल दिवसभर मी एका माणसाला जे जे बोलले, ते सगळं मला आठवलं.

"हाँ, शादी है," मी म्हणाले. तिने साडी परत घडी घालून दिली, माझ्यापेक्षा नीट.

बारा पस्तीसला स्नेहलच्या मैत्रिणीने व्हिडिओ लावला. मी खुर्चीत साडी मांडीवर घेऊन बसले. फोन कुणाच्या तरी हातात हलत होता, आधी छत दिसलं, मग बुटांचे ढीग, मग स्नेहल. अंगावर सासूने दिलेली मेखला, म्हणजे तिकडची साडी, पांढरी आणि लाल, सुंदर. कोपराला धरून तिला आणणारे हे. फेटा वाकडा. पाऊल एकेक असं टाकत होते जसे ओल्या बांधावरून चालतात. तोंड मला दिसायच्या आतच चित्र अडकलं. गोल फिरत राहिलं. मंगलाष्टकाचं एक अख्खं कडवं माझ्याकडे आलं, पण चित्र फेट्याच्या मागच्या शेमल्यावर थांबलेलं. सावधान झालं तेव्हा मी पर्समधल्या बडीशेपेचे चार दाणे त्या फोनवर टाकले. शेजारी बसलेल्या टायवाल्या माणसाने लॅपटॉप थोडा बाजूला घेतला.

दिल्लीच्या विमानतळाबद्दल इतकंच, चप्पल आरामाची घाला. रात्री नऊला गुवाहाटीत उतरले तर हे बाहेर उभे, फेटा काखेत, कागद अजून टोपीत. "जेवली का?" एवढंच विचारलं. स्नेहल सासरी गेली होती. मी लग्नघरात पोचले तेव्हा मांडवाची कनात सोडत होते.

सोमवारी सकाळी आमच्या खोलीचं दार वाजलं. स्नेहल एकटीच होती. केस धुतलेले, ओले, मोकळे. मी काही बोलायच्या आत तिने पर्समधून साडी ओढून काढली, आत जाऊन नेसून आली आणि माझ्यासमोर जमिनीवर पाठ करून बसली. हातातला कंगवा खांद्यावरून मागे धरला.

"मामी, वेणी घाल."

"आता? लग्न झालं काल."

"काल सगळ्यांनी मिळून अंबाडा घातला. एवढा घट्ट, की डोकं दुखलं. तू घाल."

मी घातली. मध्ये एकदा कंगवा ठेवावा लागला, मला दिसत नव्हतं. हे खिडकीशी उभे राहून बाहेरच्या ब्रह्मपुत्रेकडे बघत होते. नदी एवढी मोठी की पलीकडचा काठ धुक्यात. बऱ्याच वेळाने म्हणाले, "केवढं पानी हाय हितं. आन् पाळी न्हाई कुनाला."

बाकी गुवाहाटी आम्ही दोन दिवस पाहिली. कामाख्या देवीला लवकर जा, रांग मोठी असते. नदीतली होडी चांगली. जेवणात आंबट माशाची आमटी यांना आवडली, मला नाही. परत येताना थेट पुण्याचं विमान दोघांना मिळालं, शेजारी शेजारी, आणि हे पूर्ण वेळ घड्याळ बघत होते. तीन तास लागले.

घरी आल्यावर सगळे तोच प्रश्न विचारायचे. एकदा ओट्यावर भाऊसाहेब पाटकरी चहाला बसले होते. "मंग मामा, किती लांब हाय वो गुवाहाटी? पावनेतीन तास ना?"

मी आतून ऐकत होते. हे जरा वेळ बशीत फुंकर मारत राहिले. "लई लांब हाय," म्हणाले. "मी पोचलो. ही न्हाई पोचली."

एप्रिलमध्ये स्नेहल मांडवपरतणीला यायची होती, हैदराबादला बदलून, शिर्डीला दुपारी चारला उतरणार. आणि उन्हाळी आवर्तनात आमची पाळी लागली नेमकी त्याच दिवशी सकाळी नऊला. भाऊसाहेब सांगायला आले तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटायच्या तयारीतच होते. हे म्हणाले, "अशोकला दे माझी पाळी. धरंल तो दारं."

"मोबाईल बघतोय त्यो, मामा."

"बघू दे."

आणि आदल्या दिवशीपासून माझ्यामागे तगादा. डबा कर, निघायचंय. कधी निघायचंय? सकाळी नऊला. विमान चारला आहे हो! असू दे. शेवटी आम्ही साडेदहाला काकडीत, एप्रिलच्या उन्हात, बाहेरच्या लोखंडी कठड्याजवळ. साडेपाच तास! डब्यातली भाजी आंबली, गोरख गाडीत झोपला, माझी चप्पल तापली. मी बोलायचं ते सगळं बोलले. यांनी ऐकून घेतलं, कुठूनतरी एक प्लास्टिकची खुर्ची आणली, कठड्याला अगदी चिकटवून ठेवली आणि म्हणाले, "हितं बस. हितनं पयली तूच दिसशील तिला."

दर पंधरा मिनिटांनी ते आत जाऊन विमान कुठवर आलं ते विचारून येत होते. आत नेमकी तीच मुलगी होती. तिसऱ्या खेपेला ती हसायला लागली.

तिकडे अशोकने पाच सऱ्या कोरड्या ठेवल्या, हे संध्याकाळी कळलं. ऊस जरा पिवळा पडला आहे. विमान चार वाजून दहा मिनिटांनी उतरलं, दारातून माणसं बाहेर येऊ लागली, आणि मी सगळ्यांच्या पुढे उभी होते.